नवा संच सुरू होईल तेव्हा जुना कोणता बंद होणार?

शहरालगत गॅसवर चालणारा वीजप्रकल्प येणार असला की जनसुनावणीत कंपनी पडद्यावर साधारण तीन गोष्टी दाखवते. नॉक्स, म्हणजे नायट्रोजनचे ऑक्साइड, फक्त २ पीपीएम, म्हणजे धुराच्या दहा लाख भागांत दोन भाग. कार्बन डायऑक्साइड कोळशाच्या निम्म्याहून कमी. राख अजिबात नाही. तिन्ही गोष्टी बहुतेक वेळा खऱ्या असतात. समोर बसलेल्यांना मात्र विचारायचं असतं की संध्याकाळी सातला वीज बनवणारा संच चालू होतो तेव्हा आमच्या गच्चीवर काय येतं, आणि रात्री खिडकी उघडी ठेवून झोपता येईल का. या प्रश्नांची उत्तरं त्या तीन आकड्यांत नसतात. मग लोकांना विकासाचे विरोधक ठरवलं जातं, कंपनीला खोटारडी म्हटलं जातं आणि सुनावणी आरडाओरड्यात संपते. माझं मत असं आहे की अशा विरोधामागची बरीचशी भीती मोजता येते, आणि मोजली की तिचं अटींमध्ये रूपांतर करता येतं.

आधी 'स्वच्छ' या शब्दाबद्दल. गॅस टर्बाइनच्या गरम धुरावर वाफ करून दुसरं टर्बाइन फिरवणारा कम्बाइन्ड सायकल प्रकल्प इंधनातली ५५ ते ६० टक्के ऊर्जा विजेत उतरवतो आणि युनिटमागे साधारण ३५० ते ४०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडतो. कोळशाचा आकडा ८५० ते १००० ग्रॅमच्या आसपास असतो. पण नुसतंच गॅस टर्बाइन असलेला, फक्त मागणीच्या वेळी चालणारा 'पीकर' असेल तर कार्यक्षमता ३५ ते ४० टक्क्यांवर येते. जाहिरातीत दोन्हींना 'स्वच्छ गॅस प्रकल्प' म्हणतात. अर्जात नेमकं काय लिहिलंय, हे पहिल्या पानावरच तपासावं.

वीज तारेतून लांबून आणता येते, मग शहराच्या उशाशी प्रकल्प कशाला, हा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याची खरी कारणं दोन-तीनच आहेत. शहरात येणाऱ्या मोठ्या वाहिन्यांपैकी एक अचानक बंद पडली तरी उरलेल्यांनी भार पेलला पाहिजे, असा नियम असतो. त्या मर्यादेपलीकडची मागणी शहराच्या आतूनच भागवावी लागते. दुसरं कारण व्होल्टेजचं. ते टिकवायला लागणारी रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर लांबून आणली तर वाटेतल्या तारांमध्येच जिरते. तिसरं, वीज तयार करून उरलेली उष्णता घरांना किंवा कारखान्यांना द्यायची असेल तर प्रकल्प जवळच हवा, आणि तसं केलं तर इंधनाचा एकूण वापर ८० टक्क्यांच्या वर जातो.

यातलं दुसरं कारण पुढे केलं जात असेल तर एक प्रश्न जरूर विचारा: त्यासाठी इंधन जाळण्याची गरज आहे का? व्होल्टेजचं काम सिंक्रोनस कंडेन्सर करू शकतो. जुन्या संचाचा जनरेटर टर्बाइनपासून सोडवून नुसता फिरता ठेवला की तोच कंडेन्सर होतो. कॅलिफोर्नियात हंटिंग्टन बीच इथल्या दोन जुन्या संचांचं २०१३ मध्ये असंच रूपांतर केलं होतं. जनरेटर तोच राहिला आणि धूर थांबला.

आता त्या २ पीपीएमबद्दल. हा आकडा संच स्थिर चालू असताना, धुरातला ऑक्सिजन १५ टक्के धरून आणि कॅटॅलिस्टमधून, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या थरातून, धूर गेल्यानंतरचा असतो. कॅटॅलिस्टवर अमोनिया फवारला की नॉक्सचं साध्या नायट्रोजनमध्ये आणि पाण्यात रूपांतर होतं. पण त्यासाठी तापमान साधारण ३०० ते ४०० अंश सेल्सियस लागतं. संच चालू करताना कॅटॅलिस्ट थंड असतो, म्हणून अमोनिया सोडताच येत नाही. त्याच वेळी टर्बाइन कमी लोडवर असतं आणि ज्वाला स्थिर राहावी म्हणून जास्त इंधनाच्या ज्वालेवर चालवलं जातं. त्यामुळे नॉक्स आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्ही कित्येक पटींनी वाढतात. काही तासांपूर्वीच बंद केलेला, अजून गरम असलेला संच तासाभरात पूर्ण लोडवर येतो, पण दोन-तीन दिवस थंड पडलेल्या कम्बाइन्ड सायकल संचाला तीन-चार तास लागू शकतात.

या वेळी धुराड्याकडे बघितलं तर कधी कधी पिवळसर तपकिरी पट्टा दिसतो. तो नायट्रोजन डायऑक्साइडचा रंग. कमी लोडवर नॉक्समधला या वायूचा वाटा वाढतो म्हणून तो डोळ्यांना दिसतो. पूर्ण लोडवर पट्टा नाहीसा होतो. लोक घाबरतात ते बहुतेक वेळा थंडीतल्या पांढऱ्या ढगाला, आणि ती असते निव्वळ पाण्याची वाफ. काळजी करायची तर या पिवळ्या पट्ट्याची करा. तो किती मिनिटं टिकतो याची वेळ घालून नोंद ठेवा.

याचा हिशेब कसा करायचा ते उदाहरणादाखल सांगतो. २५० मेगावॅटचा संच स्थिर चालताना तासाला ७ किलो नॉक्स सोडतो आणि प्रत्येक वेळी चालू करताना ६० किलो, असं धरू. वर्षाला २० वेळा चालू आणि ७,५०० तास चालणं, असा अहवाल केला तर चालू करण्याचे १.२ टन आणि चालण्याचे ५२.५ टन होतात. आता सौरऊर्जा वाढली, दुपारी संच बंद ठेवावा लागला आणि रोज संध्याकाळी चालू करावा लागला, असं धरा. २५० वेळा चालू आणि ४,००० तास: १५ टन अधिक २८ टन. वर्षाची बेरीज कमी झाली, हे मान्य करायला हवं. पण आता तिसऱ्या हिश्शाहून जास्त नॉक्स अशा वेळी बाहेर पडतंय जेव्हा कॅटॅलिस्ट काम करत नाही, आणि तेही बहुतेक संध्याकाळी, हवा स्थिर होत असताना. वार्षिक सरासरीच्या रकान्यात हे कुठेच दिसत नाही. म्हणून परवानगीच्या अटींत तीन आकडे वेगवेगळे हवेत: वर्षाला किती वेळा चालू करता येईल, प्रत्येक वेळी जास्तीत जास्त किती किलो, आणि चालू करण्याची मुदत किती मिनिटं. 'चालू-बंद करण्याचा काळ वगळून' असे शब्द अटीत असतील तर त्या अटीचा शेजाऱ्यांना फारसा उपयोग नाही.

अमोनियाचं आणखी एक दुखणं आहे. काही वर्षांनी कॅटॅलिस्ट थकतो. नॉक्सचा आकडा मर्यादेत ठेवायला चालक अमोनियाचा डोस वाढवतो, आणि न वापरलेला अमोनिया धुराड्यातून बाहेर पडतो. फलकावर नॉक्स उत्तम दिसतं, बाहेर मात्र हा अमोनिया हवेतल्या नायट्रिक आम्लाशी मिळून अमोनियम नायट्रेटचे बारीक कण, म्हणजेच पीएम २.५, तयार करतो. म्हणून निसटणाऱ्या अमोनियाचंही सतत मोजमाप मागा. ५ पीपीएमच्या आसपासची मर्यादा पुष्कळ ठिकाणी असते. साठवण कशाची, तेही विचारा. शुद्ध द्रवरूप अमोनियाची टाकी फुटली तर विषारी ढग वस्तीपर्यंत जाऊ शकतो. १९ टक्क्यांचं पाण्यातलं द्रावण त्यापेक्षा पुष्कळ सौम्य. अमेरिकेत अपघात-प्रतिबंधाचा नियम २० टक्क्यांपासून लागू होतो, म्हणून तिथे १९ टक्के हा आकडा रुळला. युरियापासून जागेवरच अमोनिया बनवणं आणखी सुरक्षित. टँकरही नकोत, मोठी टाकीही नको.

धूर कुठे जातो याचं गणित संगणकाच्या मॉडेलवर होतं. त्यात चूक शिरते ती बहुधा तीन जागी. हवामानाची माहिती जवळच्या विमानतळाची घेतात, आणि विमानतळ उघड्या माळावर असताना प्रकल्प दरीत किंवा टेकडीच्या कुशीत असू शकतो. धुराड्याशेजारची उंच इमारत वारा खाली ओढते आणि धूर जमिनीकडे आणते. इमारतीच्या उंचीत तिची उंची आणि रुंदी यांपैकी लहान मापाची दीडपट मिळवली तर धुराड्याची जी उंची येते, तेवढी असेल तर हा त्रास टळतो. तिसरी चूक सर्वांत सहज घडते: मॉडेलमधली सगळी ठिकाणं जमिनीवर असतात. विसाव्या मजल्यावरची बाल्कनी धुराच्या पट्ट्याच्या बरोबर समोर येते, आणि तिथला आकडा कुणी काढलेलाच नसतो. आसपास उंच इमारती असतील तर प्रत्येक पाच मजल्यांवर एक ठिकाण धरून गणित पुन्हा करायला सांगा. काम एका दिवसाचं आहे, नाही म्हणायला कारण नाही.

आवाजाबद्दल जरा जास्त लिहितो, कारण प्रकल्प सुरू झाल्यावर तक्रारी सर्वांत जास्त आवाजाच्याच येतात. अहवालात 'डीबीए' हे एकक असतं. कानाला कमी ऐकू येणाऱ्या खालच्या पट्टीतल्या आवाजाला त्यात कमी वजन देतात. ३१.५ हर्ट्झवर तब्बल ३९ डेसिबल वजा होतात. नुसत्या गॅस टर्बाइनच्या धुराड्यातून नेमकी हीच घरघर निघते. ती ऐकू कमी येते, पण खिडकीची काच थरथरते, कपाटातली भांडी वाजतात. मीटरवर ४४ डीबीए दिसतं आणि कंपनी म्हणते नियमात आहे. अशा वेळी तोच मीटर 'डीबीसी'वर, म्हणजे खालच्या पट्टीचं वजन फारसं कमी न करणाऱ्या एककावर, लावायचा. दोन आकड्यांत २० च्या आसपास किंवा जास्त फरक आला तर तक्रार खरी आहे असं समजावं. बाहेर भिंत बांधून हा आवाज अडत नाही. त्याची तरंगलांबी जवळपास ११ मीटर असते, तो भिंतीला वळसा घालून येतो. उपाय धुराड्यातच सायलेन्सर बसवण्याचा, आणि तो प्रकल्प नकाशावर असतानाच करायचा. ट्रान्सफॉर्मरची गुणगुण वेगळी: ५० हर्ट्झच्या जाळ्यावर ती १०० हर्ट्झला येते, एकसुरी असते, आणि एकसुरी आवाज त्याच पातळीच्या इतर आवाजापेक्षा जास्त छळतो.

रात्रीसाठी जागतिक बँक गटाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये निवासी भागात ४५ डीबीए, किंवा मूळ आवाजाच्या वर ३ डेसिबलपेक्षा जास्त वाढ नको, असं म्हटलंय. पण मूळ आवाज किती हे बांधकामाआधी मोजलं नसेल तर पुढे सगळंच वरातीमागून घोडं. किमान सात दिवस सलग, सुट्टीचे दिवस धरून, रात्री दोन ते चार या शांत वेळेचा आकडा वेगळा काढून मोजा. लोकांनी आपलाही मीटर शेजारी लावावा.

थंड करण्याची पद्धत आणि आवाज एकमेकांना बांधलेले आहेत. पाण्यावर चालणारा कूलिंग टॉवर मेगावॅट-तासामागे पाऊण ते एक घनमीटर पाणी खातो. हवेवर थंड करणारा कंडेन्सर यातलं ९० टक्क्यांहून जास्त पाणी वाचवतो, पण त्याला नऊ-दहा मीटर व्यासाचे तीस-चाळीस पंखे लागतात, आणि कडक उन्हाळ्यात वीज कमी निघते. पाणी वाचवा आणि आवाजही नको, या दोन्ही मागण्या एकत्र करायच्या असतील तर रुंद पात्यांचे, संथ फिरणारे पंखे खरेदीच्या वेळीच मागवायला लावा. नंतर पंखे बदलणं म्हणजे मोटर, गिअरबॉक्स आणि सांगाडा सगळंच बदलणं.

प्रकल्प आणि शेजारी यांचं नातं बहुतेकदा सुरू होण्याआधीच बिघडतं, ते वाफेच्या फुंकणीमुळे. नव्या पाइपांत वेल्डिंगचे कण, गंज, वाळू राहिलेली असते. ती टर्बाइनच्या पात्यांवर आदळू नये म्हणून बॉयलरमध्ये दाब चढवतात, झडप झटकन उघडतात आणि वाफ प्रचंड वेगानं पाइपांतून हवेत सोडतात. वाटेत चकचकीत धातूची पट्टी लावलेली असते. फुंकणी झाली की पट्टी काढून भिंगाखाली तिच्यावरचे खड्डे मोजतात. खड्डे ठरावीक संख्येच्या खाली येईपर्यंत हे पुन्हा पुन्हा, दिवसरात्र, कधी दोन आठवडे चालतं. सायलेन्सर नसेल तर आवाज जेट विमानासारखा. रात्री तीनला अंथरुणातून उडालेला माणूस पुढची तीस वर्षं त्या प्रकल्पावर विश्वास ठेवत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. कमी दाबाची सलग फुंकणी, बाहेर पडणाऱ्या वाफेत पाण्याचा फवारा, मोठा सायलेन्सर, फक्त दिवसाची वेळ आणि घरोघरी आधी सूचना, हे पाचही उपाय उपलब्ध आहेत.

गॅसच्या पाइपांची सफाई गॅसनंच करायची पद्धत तर कायमची बंद व्हायला हवी. ७ फेब्रुवारी २०१० रोजी अमेरिकेत कनेटिकटमधल्या मिडलटाउन इथे बांधकामाधीन प्रकल्पात असं करताना स्फोट होऊन सहा कामगार गेले. दाबाखालची हवा किंवा नायट्रोजन वापरून तेच काम होतं. 'पाइप कशानं साफ करणार?' हा प्रश्न सुनावणीत विचारा आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या.

कचऱ्यापासून वीज हा प्रकारही 'स्वच्छ' म्हणून शहराजवळ येतो. इथे कळीचे आकडे: धूर किमान ८५० अंशांवर दोन सेकंद राहायला हवा, आणि डायऑक्सिन, म्हणजे जळताना तयार होणारं अतिशय विषारी रसायन, घनमीटरला ०.१ नॅनोग्रॅमच्या खाली, हा युरोपचा नियम. मात्र धूर थंड होताना २०० ते ४५० अंशांच्या पट्ट्यात रेंगाळला तर डायऑक्सिन पुन्हा तयार होतं, म्हणून तो पट्टा झटपट ओलांडावा लागतो. ओला, मिसळलेला कचरा आला की भट्टीचं तापमान घसरतं. तापमान ८५० च्या खाली गेलं की कचऱ्याचा दरवाजा आपोआप बंद होतो का, हे प्रत्यक्ष बघा. डायऑक्सिन वर्षातून दोनदा, आधी कळवून मोजण्यात अर्थ नाही. दोन ते चार आठवडे सलग नमुना घेणारं उपकरण मिळतं. वासाचं कारण साधं असतं. कचऱ्याच्या खड्ड्यातली हवा भट्टीसाठी ओढली जाते, म्हणून वास आत राहतो. भट्टी बंद पडली की ओढ थांबते आणि वास बाहेर येतो. त्या दिवसांसाठी कोळशाच्या गाळणीचा स्वतंत्र पंखा हवा.

व्हिएन्नातली श्पिटलाउ भट्टी शहरातच आहे. १९८७ च्या आगीनंतर ती हलवायची की ठेवायची, यावर वाद झाला. १९९२ पर्यंत ती पुन्हा उभी राहिली, कलाकार हुंडर्टवासर यांनी दिलेल्या रंगीत रूपात. लोक रंगांचे फोटो काढतात. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की त्याच काळात धूर शुद्ध करणारी यंत्रणाही बदलली. इतर शहरं तिथलं फक्त रंगकाम उचलतात.

बॅटरी केंद्रांना धुराडं नाही, पाणी नाही, तरी विरोध होतोच, आणि त्यालाही आधार आहे. १६ जानेवारी २०२५ ला कॅलिफोर्नियात मॉस लँडिंग इथल्या ३०० मेगावॅटच्या केंद्राला आग लागली, हजाराहून जास्त लोकांना घरं सोडावी लागली. त्या बॅटऱ्या जुन्या टर्बाइन हॉलमध्ये, एका छपराखाली दाटीनं रचलेल्या होत्या. तिथेच शेजारच्या दुसऱ्या केंद्रात सप्टेंबर २०२२ मध्ये आग लागली तेव्हा एकच कपाट जळालं, कारण कपाटं उघड्यावर, अंतर राखून ठेवलेली होती. यावरून मागणी ठरते: एका इमारतीत कोंबलेल्या बॅटऱ्या नकोत, कपाटांमध्ये अंतर हवं, बॅटरीची आग कशी पसरते हे तपासणाऱ्या यूएल ९५४०ए चाचणीचा पूर्ण अहवाल हवा. आणि अग्निशमन दलाला आतल्या वायूचा आकडा बाहेरून दिसायला हवा. एप्रिल २०१९ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या सरप्राइज शहरातल्या बॅटरी केंद्रात धूर थांबल्यासारखा वाटला म्हणून दार उघडलं, साठलेल्या वायूचा स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे चार जवान गंभीर जखमी झाले.

आता विरोधातून काय निघतं याचे दोन नमुने. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतानं कोळसा बंद करायचा म्हणून गॅस प्रकल्प मंजूर केले. ओकव्हिलचा ९०० मेगावॅटचा प्रकल्प लोकांच्या विरोधामुळे ऑक्टोबर २०१० मध्ये रद्द झाला. मिसिसागाचा तर बांधकाम सुरू असताना, २०११ च्या निवडणुकीच्या तोंडावर. दोन्ही लांब हलवले गेले, एक नापानीला, दुसरा सार्नियाजवळ. प्रांताच्या महालेखापरीक्षकांनी २०१३ मध्ये खर्च काढला: ओकव्हिलचा ६७.५ कोटी आणि मिसिसागाचा २७.५ कोटी कॅनेडियन डॉलर. लांबून वीज आणि गॅस वाहण्याचा भारही त्यात होता. कोळसा प्रांतानं २०१४ मध्ये संपवला, ते काम झालं. पण ओकव्हिलच्या लोकांचा मुद्दा, की इथली हवा आधीच प्रदूषणानं भरलेली आहे, कंत्राटावर सही होण्याआधी तपासला असता तर हा खर्च टळला असता.

कॅलिफोर्नियातल्या ऑक्सनार्डमध्ये २६२ मेगावॅटच्या गॅस प्रकल्पाला शहरानं विरोध केला तेव्हा त्यांनी 'नको' एवढंच म्हटलं नाही, पर्यायांचा अभ्यास मागितला. वीजजाळं चालवणाऱ्या संस्थेनं २०१७ मध्ये तो केला. बॅटरी महाग पडेल पण गरज भागते, असं दिसलं. त्याच वर्षी प्रकल्प मागे पडला. २०२१ मध्ये तिथे १०० मेगावॅटची, चार तास पुरणारी बॅटरी सुरू झाली. लोकांनी गरज नाकारली नव्हती, ती कशी भागवायची हे विचारलं होतं. मला हाच फरक निर्णायक वाटतो.

कारण नुसतं 'नको' म्हणून नवा प्रकल्प पडला की बऱ्याचदा त्याच शहरातला चाळीस वर्षांचा जुना संच 'विश्वासार्हतेसाठी आवश्यक' म्हणून चालवला जातो, कॅटॅलिस्टशिवाय. आणि 'हो' म्हटलं तरी धोका आहेच: नवा सुरू होतो आणि जुनाही राखीव म्हणून राहतो. त्यामुळे सगळ्या अटींत मी ही पहिली ठेवीन: नव्या संचाची व्यापारी वीज सुरू झाल्यापासून १८० दिवसांत जुना अमुक क्रमांकाचा संच बंद, परवाना परत, 'आपत्कालीन राखीव' असा दर्जा नाही. बंद म्हणजे काय तेही लिहायचं. इंधनाच्या पाइपात पोलादी ब्लाइंड, म्हणजे पाइप पूर्ण बंद करणारी चकती, बसवलेला, जनरेटरपासून ट्रान्सफॉर्मरपर्यंतचे जोड सोडवलेले, धुराड्याची परवानगी रद्द झाल्याचं पत्र, आणि हे तिन्ही बघायला रहिवाशांचे दोन प्रतिनिधी आत.